अडकणारं दार आणि लाकडी विमान

नाचणगावातल्या एखाद्या जुन्या घराचं लाकडी दार कधी नीट पाहिलंय? मे महिन्यात ते आकसतं, फटीतून ऊन आत येतं. जुलैत तेच दार फुगतं आणि चौकटीत असं अडकतं की खांदा लावल्याशिवाय बंदच होत नाही. वर्ध्याचा उन्हाळा आणि पावसाळा लाकडाला असा दरवर्षी छळतो. आता हेच लाकूड विमानाच्या पंखात आहे असं समजा. दार अडकलं तर धक्का मारता येतो. पंख वाकला तर?

या प्रश्नाशी ज्याची आयुष्यभर गाठ पडली, त्याची ही गोष्ट. जेफ्री डी हॅविलंड. जन्म इंग्लंडमधला, 27 जुलै 1882 चा. वडील धर्मगुरू. पोराला मात्र यंत्रांचं वेड. विमान बांधायचं म्हणून त्यानं आजोबांकडून 1,000 पौंड घेतले. मदतीला फ्रँक हर्ल हा मित्र आला. पंखांचं कापड शिवलं बायकोनं, लुईनं. म्हणजे अगदी घरचंच विमान, बरं का!

डिसेंबर 1909. विमान जमिनीवरून उठलं आणि काही क्षणांतच डावा पंख मोडला. सगळी मेहनत मातीत गेली. जेफ्री थोडक्यात वाचला. पंखाचं मुख्य लाकूडच कमकुवत निघालं होतं. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? त्यानं शाबूत राहिलेलं इंजिन उचललं आणि आणखी मजबूत विमान बांधायला घेतलं. सप्टेंबर 1910 मध्ये ते उडालं. शिकवायला कुणी नव्हतं, तो उडायलाही स्वतःच शिकला. पुढे सरकारी कारखान्यानं ते विमान 400 पौंडांना विकत घेतलं आणि त्यालाही नोकरीवर ठेवलं.

1920 मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली. त्याला पतंग जमवायचा छंद होता, आकाशात काटाकाटी करतो तो नव्हे, दिव्याभोवती फिरतो तो! म्हणून त्याच्या छोट्या विमानांच्या नावात 'मॉथ' आलं. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहूला उतरले, ते याच कंपनीच्या 'पस मॉथ'मधून.

त्याचं सर्वांत गाजलेलं विमान म्हणजे 'मॉस्किटो'. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती, तेव्हा त्यानं लाकडाचं बॉम्बफेकी विमान करायचं ठरवलं. अनेकांनी नाकं मुरडली. पण 25 नोव्हेंबर 1940 ला ते उडालं, आणि वेगात भल्याभल्यांना मागे टाकू लागलं. फर्निचर बनवणाऱ्या कारागिरांनीही त्याचे भाग बनवले.

पण प्लायवूड वाकू नये म्हणून करायचं काय? लाकूड रेषांच्या आडवं जास्त फुगतं, लांबीत फारसं नाही. म्हणून प्लायमध्ये पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवतात. एक थर फुगायला लागला की शेजारचा त्याला धरून ठेवतो. थरांची संख्या सहसा विषम असते, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो. एकाच बाजूला ओल लागली की संपलं, प्लाय वाकणारच. म्हणून पंख बंद करण्याआधी आतूनही वॉर्निश द्यावं लागतं, आणि कडा तर आधी बुजवाव्या लागतात, कारण पाणी तिथूनच शिरतं.

याची खरी परीक्षा आपल्याकडे झाली. 1944 मध्ये भारत आणि ब्रह्मदेशाच्या भागात काही मॉस्किटो हवेतच मोडली, माणसं गेली. नोव्हेंबरमध्ये विमानं जमिनीवर ठेवावी लागली. सगळ्यांचा संशय आपल्या उकाड्यावर आणि पावसावर. जेफ्रीचा भाऊ हेरवर्ड तपासाला भारतात आला. पंख उघडून पाहिले तर काही सांध्यांत लाकूड लाकडाला नीट टेकलेलंच नव्हतं, डिंक धरणार कशाला? हवेपेक्षा हाताचा दोष मोठा होता. पाणी शिरायची जागाही सापडली. मग पंखाच्या सांध्यावर लांबलचक प्लायची पट्टी बसवून ती बंद केली. सुरुवातीचा दुधापासून केलेला डिंक जाऊन रासायनिक डिंकही आला होता.

जेफ्रीला यश मिळालं, पण त्याची किंमतही मोठी होती. मुलगा जॉन 1943 मध्ये दोन मॉस्किटोंच्या टकरीत गेला. मोठा मुलगा, तोही जेफ्रीच, 1946 मध्ये कंपनीच्याच नव्या विमानाची चाचणी घेताना गेला. बाप काम करत राहिला. 21 मे 1965 ला त्याचं निधन झालं. जिथे त्याचं विमान पहिल्यांदा उडालं, त्याच माळावर त्याची रक्षा विखुरली.

आता एक करा. घरी सुतारकाका प्लायला सनमायका लावत असतील, तर मागच्या बाजूलाही काही लावणार का, एवढं विचारा. एकाच बाजूला लावलं तर फळी वाकते, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. आणि कडा बुजवायला विसरू नका. जी बाजू कुणाला दिसत नाही, तीच आधी फसवते.