प्रश्न विचारणाऱ्या रमाबाई



गेल्या रविवारी अफझलगंजला आमच्या घरच्या बायबल-वर्गात एका मुलीनं विचारलं, प्रभू येशू देव, तर त्यानं प्रार्थना कुणाला केली? मी तिला गप्प बसवलं. रात्री पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी त्रैक्याविषयी तिथल्या सिस्टरांना त्या बेधडक विचारत राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हेसुद्धा! सिस्टर दुखावल्या, पण बाई थांबल्या नाहीत. पुढे केडगावात हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी मुळावरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये वारल्या.

येत्या रविवारी मी त्या मुलीची माफी मागून तिचाच प्रश्न वर्गात घेणार आहे. उत्तर मलाही धड येत नाही.

– एक वाचक, अफझलगंज