बाबासाहेबांनी खोती मोडायचं विधेयक आणलं, पण कायदा व्हायला 12 वर्षं लागली

बाबासाहेब म्हटलं की संविधान आठवतं, चवदार तळं आठवतं. खोतीचा विषय मात्र फारसा निघत नाही. खरं तर ते मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी. कोलंबिया आणि लंडन, दोन्हीकडची त्यांची डॉक्टरेट याच विषयातली.

जन्म 1891 चा, महूचा. पण मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. म्हणजे खोतांचा मुलुख.

आता खोत म्हणजे कोण? तर सरकारसाठी गावाचा शेतसारा गोळा करणारा वतनदार. कुळानं जमीन कसायची, पिकातला मोठा वाटा खोताकडे पोचवायचा, वर वेठबिगारीही करायची. आणि हे नुसत्या दांडगाईवर चालत नव्हतं बरं का. 1880 च्या खोती कायद्यानं खोतांच्या हक्कांवर सरकारी शिक्का मारला होता. 1933 मध्ये अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप केला आणि जमिनी कसायच्याच बंद केल्या. तो संप वर्षानुवर्षं चालला.

इकडे बाबासाहेबांनी 1936 ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्याच वर्षी ते निवडून मुंबई विधानसभेत गेले आणि 17 सप्टेंबर 1937 ला खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. मधला खोत काढायचा, त्याला वाजवी भरपाई द्यायची आणि जमीन ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्या कुळाला कब्जेदाराचा कायदेशीर दर्जा द्यायचा. भरपाईची तरतूद पाहिली तर मागणी तशी मवाळच होती.

जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधानसभेवर धडकला. महार, कुणबी, आगरी एकत्र आले, कम्युनिस्टही सोबत होते. पण त्या काळी मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण बघून मिळायचा. मोर्चातल्या कित्येकांना मतच नव्हतं, मग सभागृहात त्यांचं वजन ते किती पडणार!

विधेयक पुढं सरकलंच नाही. 1939 च्या नोव्हेंबरमध्ये खेर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला.

खोती रद्द करणारा कायदा मुंबई सरकारनं केला तो थेट 1949 ला. तेव्हा बाबासाहेब दिल्लीत कायदामंत्री होते, संविधानाच्या कामात गुंतलेले. खोतांची खासगी जमीन या नव्या कायद्यातही खोतांकडेच राहिली.