वंगवाणीचा मराठी उपासक

बंगालमध्ये माता आपल्या बाळांना निजविताना जी जुनी अंगाईगीते म्हणत आल्या आहेत, त्यांपैकी एकात बर्गींच्या धाडीचे भय गायिलेले आहे. हा ‘बर्गी’ म्हणजे आपल्याकडील बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा सन १७४२ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून गेल्या, आणि पुढे सुमारे दहा वर्षे त्या सुपीक प्रांतावर स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या होत राहिल्या. गावे जळाली, उभी पिके तुडविली गेली, हजारो कुटुंबे भागीरथीच्या पैलतीरी पळाली. कलकत्त्याच्या रहिवाशांनी तर शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो मराठा खंदक या नावानेच प्रसिद्ध झाला. दीडशे वर्षे लोटली तरी बंगाली मनातील हे भय पुरते ओसरले नव्हते. अशा त्या प्रांतात एका मराठी घराण्यातील पुरुषाने बंगाली भाषेत लेखणी चालविली आणि मराठ्यांविषयी बंगाली वाचकांच्या मनात आदर निर्माण केला. त्यांचे नाव सखाराम गणेश देऊस्कर.

देऊस्करांचे पूर्वज मूळचे कोकणातले. मराठ्यांच्या उत्कर्षकाळी ते घराणे पूर्वेकडे गेले आणि तिकडेच स्थायिक झाले. वैद्यनाथाच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध असलेल्या देवघर नगराजवळ करों नावाचे एक खेडे आहे. तेथे १७ डिसेंबर १८६९ रोजी सखारामपंतांचा जन्म झाला. हा भाग आज झारखंड राज्यात मोडतो. त्या काळी तो बंगाल इलाख्यात होता. आई लहानपणीच वारल्यामुळे त्यांचे संगोपन आत्याने केले. तिला मराठी वाङ्मयाची चांगली ओळख होती. घरात आत्याच्या तोंडून मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकताच बंगाली, अशा दुहेरी संस्कारांत हा मुलगा वाढला. दोहोंपैकी कोणतीही भाषा त्यांना कधी परकी वाटली नाही.

देवघर हे तसे लहानसे गाव; परंतु तेथील विद्वानांचा सहवास मोठा होता. बंगालमधील वयोवृद्ध ब्राह्मो विचारवंत राजनारायण बसू हे उत्तरायुष्यात तेथे येऊन राहिले होते. मायकेल मधुसूदन दत्तांचे चरित्र लिहिणारे योगींद्रनाथ बसू तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांच्या सहवासात तरुण देऊस्करांची वाङ्मयीन व राष्ट्रीय दृष्टी घडली. शिक्षण झाल्यावर त्याच शाळेत ते शिक्षक झाले. परंतु हाडाच्या पत्रकाराला शाळेच्या चार भिंती फार काळ पुरत नाहीत. स्थानिक मॅजिस्ट्रेटच्या अन्यायाविरुद्ध त्यांनी कलकत्त्याच्या ‘हितवादी’ साप्ताहिकात लिहिले आणि त्यापायी त्यांना नोकरीस मुकावे लागले.

१८९७ च्या सुमारास ते कलकत्त्यास गेले आणि ‘हितवादी’च्याच कचेरीत मुद्रिते तपासण्याच्या कामावर राहिले. हे पत्र काही सामान्य नव्हते. १८९१ मध्ये ते निघाले तेव्हा रवींद्रनाथ ठाकुरांच्या आरंभीच्या लघुकथा त्यातच प्रसिद्ध झाल्या होत्या. दुसऱ्यांच्या लेखांतील चुका दुरुस्त करणारा हा मराठी माणूस त्याच पत्राच्या संपादकपदापर्यंत चढला. ज्या भाषेचा अभिमान तिच्या लेकरांच्या रोमरोमांत भिनलेला आहे, त्या भाषेतील पत्र बंगाली मंडळींनी एका मराठी माणसाच्या हाती द्यावे, यात देऊस्करांच्या लेखणीचा गौरव आहे आणि त्या मंडळींच्या मनाचा मोठेपणाही आहे.

त्यांनी बंगालीत बाजीरावाचे चरित्र लिहिले, न्यायमूर्ती रानड्यांचे लिहिले, झाशीच्या राजकुमाराची हकीकत लिहिली. बर्गींखेरीज मराठे ज्यांस ठाऊकच नव्हते, अशा वाचकांपुढे त्यांनी ही माणसे आणून उभी केली. १९०२ मध्ये कलकत्त्यास शिवाजी-उत्सव सुरू झाला, तोही मुख्यतः त्यांच्या खटपटीने. १९०४ मध्ये त्यांनी ‘शिवाजीर दीक्षा’ ही पुस्तिका लिहिली. तिच्यासाठी रवींद्रनाथांनी शिवाजी-उत्सवावर एक दीर्घ कविता रचून दिली. ज्या प्रांतात मराठ्यांचे नाव काढताच मुले दचकत, त्याच प्रांताच्या महाकवीने शिवरायांचे स्तवन करावे, हा पालट लहान नव्हे. १९०६ च्या उत्सवास तर स्वतः लोकमान्य टिळक कलकत्त्यास आले. मात्र त्या वर्षी भवानीच्या मूर्तीची पूजा उत्सवात आली आणि ब्राह्मो व मुसलमान मंडळींपैकी अनेकांना ती रुचली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तथापि देऊस्करांची खरी कीर्ती आहे ती ‘देशेर कथा’ या ग्रंथामुळे. हा ग्रंथही १९०४ मध्येच प्रसिद्ध झाला. नाव ‘कथा’ असले तरी त्यात कल्पित गोष्टी नाहीत. बंगालीत ‘कथा’ म्हणजे सांगावयाची हकीकत. विणकराचा माग का थांबला, शेतकरी कर्जात का बुडाला, दुष्काळामागून दुष्काळ का पडू लागले आणि देशाची संपत्ती कोणत्या वाटांनी समुद्रापार जाते, याचा हिशेब त्यात आकड्यांनिशी मांडला आहे. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त आणि खुद्द काही इंग्रज लेखक यांनी इंग्रजीत जे लिहिले होते, ते सामान्य बंगाली वाचकाच्या हाती त्याच्याच भाषेत आले. पुढच्याच वर्षी वंगभंग झाला, स्वदेशीची चळवळ पेटली आणि या ग्रंथाच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघू लागली. ‘स्वराज्य’ हा शब्द बंगालमध्ये प्रथम रूढ करण्याचे श्रेय श्रीअरविंदांनी देऊस्करांनाच दिले आहे. मौज अशी की, अरविंद हे जन्माने बंगाली, परंतु विलायतेत वाढल्यामुळे मातृभाषा त्यांना बडोद्यास असताना नीट शिकावी लागली. तेथेच ते मराठीही शिकले. एक बंगाली बडोद्यात मराठी शिकत होता आणि एक मराठी कलकत्त्यास बंगाली पत्रात लिहीत होता!

पुढे कसोटीचा प्रसंग आला. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेस राष्ट्रसभेत फूट पडली. लोकमान्यांच्या विरुद्ध लेख लिहावा, असा आग्रह ‘हितवादी’च्या चालकांनी धरला. पत्र हातचे गेले तर पोटाची व्यवस्था काय, हा प्रश्न देऊस्करांपुढे होताच. त्यांनी लेख लिहिला नाही. संपादकपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर ते राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात शिकवू लागले. १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांनी त्या खटल्यावर बंगालीत पुस्तक लिहिले. १९१० मध्ये सरकारने ते पुस्तक आणि ‘देशेर कथा’ ही दोन्ही जप्त केली. त्याच सुमारास विद्यालयातील कामही सुटले.

देऊस्कर करोंला परतले. ज्या खेड्यात त्यांचा जन्म झाला, तेथेच २३ नोव्हेंबर १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची त्रेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. काशीस जन्मलेले त्यांचे भाचे बाबूराव विष्णु पराडकर तरुणपणी कलकत्त्यास येऊन त्यांच्या सहवासात राहिले होते. मामांनी जे बंगालीत केले, ते भाच्याने हिंदीत केले. ‘देशेर कथा’ हिंदीत उतरविणारे हेच पराडकर पुढे काशीच्या ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी प्रदेशात सर्वतोमुखी झाले.