पंडिता रमाबाई : दहा वर्षांची वर्गणी व तिच्यानंतर

विधवा, अंध व निराश्रित यांच्यासाठी ज्या संस्था चालतात त्यांस पैसा कोठून मिळतो, आणि देणाऱ्याने हात आखडला म्हणजे पुढे काय, हा प्रश्न लहानमोठ्या सर्व मंडळ्यांपुढे येतो. पंडिता रमाबाईंचे नाव आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या चरित्राची ही बाजू क्वचितच सांगण्यात येते, म्हणून ती येथे देत आहो.

बाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले व आईने ते मुलीस शिकविले. त्या काळी हा अपराधच गणला जाई. शास्त्रीबोवांचा हात मोठा सढळ. अतिथी, तीर्थयात्रा व दानधर्म यांत होते नव्हते ते सर्व सरले, आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गाठले तेव्हा कुटुंबाजवळ दाणा उरला नव्हता. आईबाप त्यात गेले. उपाशीतापाशी पायी हिंडत रमाबाई व बंधू श्रीनिवास १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी बाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी त्यांचा विवाह झाला, व १८८२ च्या फेब्रुवारीत तेही पटकीने गेले. मागे राहिली तान्ही मनोरमा.

पुढे बाई विलायतेस गेल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथेच पैशाची गोष्ट सुरू झाली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १८८७ साली छापून निघाले व पुष्कळ खपले. गावोगाव व्याख्याने झाली. १३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिच्या हाताखाली निरनिराळ्या शहरांत लहान लहान मंडळे निघाली. सभासदाने वर्षास एक डॉलर द्यावा व असे दहा वर्षे द्यावे, एवढीच अट. एखाद्या धनिकाची थैली केव्हाही बंद होते. परंतु थोडथोडे देणारे अनेक असले म्हणजे एकाच्या मर्जीवर संस्था अवलंबून राहत नाही. आमच्या मते ही योजना फार शहाणपणाची होती.

या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० साली सदन पुण्यास गेले. पैशाबरोबर एक वचनही आले होते: मुलींवर कोणताही धर्म लादावयाचा नाही. बाईंनी लादला नाही. परंतु स्वतः प्रार्थना करताना खोलीचे दार बंद केले नाही, व काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. गावात ओरड झाली. १८९३ साली रानडे, भांडारकर इत्यादी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी अनेक मुलींस परत नेले. त्या गृहस्थांस दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. लोकांनी आपल्या लेकी त्यांच्या शब्दावर पाठविल्या होत्या. पण बाईंनी वचन मोडले असेही म्हणता येत नाही. अमेरिकेतील मंडळाने बाईंवर विश्वास ठेवून वर्गणी चालू ठेवली.

बाईंस चिंता होती ती निराळीच. दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपणार होती. मुदत संपण्यापूर्वीच त्यांनी मित्रांच्या साह्याने केडगाव येथे जमीन घेतली, विहिरी खणविल्या व फळझाडे लाविली. बागेच्या उत्पन्नावर सदन स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा बेत. आमच्या धर्मापुरीकडील शेतकऱ्यांस विहिरीचे मोल सांगावयास नको, तसेच बागेस फळ धरेपर्यंत किती वर्षे पोटास चिमटा घ्यावा लागतो हेही नको.

इतक्यात १८९६ सालचा दुष्काळ आला. मध्यप्रांतात बाई स्वतः गेल्या. भुकेल्या मुली पाहून त्यांस आपले आईबाप आठवले. अमेरिकेची वर्गणी शारदासदनाच्या विधवांपुरती होती, या मुलींसाठी कोणी एक पैसाही कबूल केलेला नव्हता. तरी त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. झाडे अजून लहान. तंबू व झोपड्या उभारून केडगावी सोय केली, तेच मुक्तिसदन. १८९८ साली बाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. जुनी असोसिएशन संपून नवे मंडळ झाले. १९०० साली गुजरातेतील दुष्काळपीडितही आले, तेव्हा केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. ठरीव वर्गणी एवढ्यांस पुरणारी नव्हती. देशोदेशींचे मित्र देत, व सदनातील स्त्रिया शेत, माग, छापखाना व स्वयंपाक आपल्या हातांनी चालवीत.

या गर्दीत अंध मुलीही होत्या. त्यांस नुसते अन्न देऊन कोपऱ्यात बसविणे बाईंस पटेना. मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. त्यांनी या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले. टोपल्या विणणे इत्यादी कामेही त्या शिकल्या. १९१२ साली गुलबर्गा येथे बाईंनी शाळा काढली, तीही मनोरमाबाईंनीच सांभाळली. गुलबर्गा व आपला बीड जिल्हा त्या वेळी एकाच निजामी राज्यात होते.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. बाईंच्या काळी परदेशचा पैसा घेण्यास आजच्यासारखे बंधन नव्हते. आता २०१० च्या परकीय योगदान कायद्याप्रमाणे नोंदणी वा परवानगी लागते, व २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच जमा व्हावा लागतो. कोणी परदेशी मित्र अंधशाळेस मदत पाठवू म्हणाला, तर पंचांनी हे आधी पाहावे.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. पुढे नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, बाईंनीही केडगाव येथे देह ठेविला. बोस्टनच्या त्या दहा वर्षांच्या वर्गणीची मुदत संपून तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. मुक्तिसदनाचे काम पुढेही चालू राहिले.