मुष्टिफंड आणि कर्मवीर भाऊराव पाटील

कुंभोज येथील जैन कुटुंबात २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेल्या भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंगतीस जेवत.

प्रश्न होता निधीचा. ज्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी हा खटाटोप, त्यांच्याजवळ रोकड कोठून असणार? किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत खेडोपाडी हिंडलेल्या अण्णांना घरोघरची स्थिती ठाऊक होती. त्यांनी पैशाऐवजी धान्य मागितले. दळणास बसताना गृहिणीने एक मूठ धान्य बाजूस काढावे, एवढीच अपेक्षा! हाच मुष्टिफंड. मोठी देणगी एकदाच येते, मूठ मात्र रोज पडते. हा हिशेब मुरलेल्या व्यापाऱ्यानेही शिकावा असा आहे. शिवाय मूठ देणाऱ्या घरास शाळा आपली वाटू लागली.

तरीही तूट येई. एकदा मुलांच्या जेवणास काहीच उरले नाही, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिन्यांपाठोपाठ मंगळसूत्रही काढून दिले. सौभाग्यवतीने त्या काळी असे करणे म्हणजे काय, हे वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. संस्थेचा विस्तार पाहण्यास त्या राहिल्या नाहीत; १९३० मध्येच त्या निवर्तल्या.

पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. १९५९ मध्ये अण्णांना पद्मभूषण किताब मिळाला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले.