तुघलकाच्या धाकाने तो दिल्लीला परतलाच नाही, नंदुरबारहून गेलेला इब्न बतूता बेटं फिरत राहिला

आज एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोटीने फिरणाऱ्याच्या खिशात फोन असतो, फोनमध्ये नकाशा असतो. १४ व्या शतकात एका माणसाने हीच भटकंती जीव मुठीत धरून केली. त्याचं नाव इब्न बतूता, आणि त्याची वाट आपल्या खानदेशातून गेली होती.

१३०४ साली मोरोक्कोतल्या टँजियरमध्ये त्याचा जन्म झाला. घराणं काझींचं. २१ व्या वर्षी तो हजला निघाला आणि पुढे फिरतच राहिला. १३३३ मध्ये तो सिंधू नदीवर पोहोचला. दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काझी केलं. पगार भरपूर, पण सुलतानाची मर्जी कधी फिरेल याचा नेम नव्हता. सुलतानाच्या रोषाला बळी पडलेल्या एका सूफीला भेटला म्हणून बतूतावरही पहारा बसला होता. त्यातून तो वाचला आणि पुढे सुलतानाने त्यालाच वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे धाडलं.

१३४२ च्या सुमारास हा लवाजमा दौलताबादहून नंदुरबारला आला. १९९८ पर्यंत हे नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं. इथले मराठे कारागिरी, वैद्यकी आणि ज्योतिषात तरबेज आहेत, भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, सात पिढ्यांच्या आत सोयरीक करत नाहीत, अशी नोंद त्याने केली आहे.

गुजरातच्या किनाऱ्यावर जहाजात बसून तो कालिकतला पोहोचला. तिथे घात झाला. बतूता नमाजासाठी किनाऱ्यावर होता आणि रात्री वादळाने नजराण्याचं जहाज फोडलं. सोबतचे वकील बुडाले. बतूताचं सामान आणि माणसं असलेलं दुसरं जहाज त्याला न घेताच निघून गेलं. हातात उरले १० दिनार आणि एक सतरंजी. दिल्लीला परतावं, तर नजराणा सोडून तू जिवंत कसा, असं सुलतान विचारणार. त्याने दिल्लीचा नाद सोडला. आता तो कोणाचाच वकील नव्हता.

काही महिने किनाऱ्यावर काढून त्याने मालदीव गाठलं. या बेटांमधल्या वाटा इतक्या अरुंद की स्थानिक वाटाड्या नसेल तर जहाज भरकटायचं. तिथल्या होड्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसायच्या, काथ्याने शिवलेल्या असायच्या. खडकावर आदळलं की खिळ्यांचं जहाज फुटतं, शिवलेली होडी जरा वाकते आणि तग धरते. चलन म्हणून कवड्या चालायच्या, त्या बंगालला पाठवून लोक तांदूळ आणायचे.

गादीवर होती राणी खदीजा. बतूता इथेही काझी झाला, राजघराण्यात लग्न केलं. बायकांनी अंगभर कपडे घालावेत असा हुकूम त्याने काढला, पण कोणी ऐकलं नाही. पुढे वजिराशी बिनसलं आणि १३४४ मध्ये त्याने बेट सोडलं.

श्रीलंकेत साखळ्यांना धरून तो आदम शिखर चढला. तमिळ किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, त्यातून वाचला. मलबारकडे परतताना चाच्यांनी असं लुटलं की अंगावर फक्त विजार उरली.

तरीही तो पुन्हा मालदीवला गेला. तिथे त्याचा लहान मुलगा होता, त्याला घेऊन जायचं होतं. पण मुलाला पाहिल्यावर, हा आईकडेच बरा, असं त्याला वाटलं. मुलाला तिथेच ठेवून तो निघाला. ४३ दिवसांनी बंगाल, तिथून सुमात्रा आणि अखेर चीन.

१३४९ मध्ये तो मोरोक्कोत परतला. आपल्या प्रवासाची हकीकत त्याने सुलतानाच्या सांगण्यावरून इब्न जुझय या लेखकाला सांगितली, १३५५ मध्ये ग्रंथ पूर्ण झाला. पुढे १३६८-६९ च्या सुमारास त्याचं निधन झालं. मालदीवच्या कवड्यांसोबत नंदुरबारचं तिळाचं तेलही त्याच ग्रंथात नोंदलेलं आहे.