देवळालीच्या मास्तरांची ६१७४

मोबाइल हातात आहेच, तर कॅल्क्युलेटर उघडा. १९०५ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा : ९५१०. मग चढत्या क्रमाने : ०१५९. मोठीतून लहान वजा करा. ९३५१ आले? आता त्या बाकीवर हेच पुन्हा करा. ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. आणखी एकदा करा, परत ६१७४च!

आता तुमच्या बाइकच्या नंबरप्लेटवरचे चार आकडे घ्या. चारही सारखे नसले म्हणजे झालं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वरच पोचाल.

हे शोधून काढलं आपल्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर त्यांचं नाव. १७ जानेवारी १९०५ ला डहाणूला जन्म, आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचे नादी. आकडेमोडीची गोडी मुलाला तिथूनच लागली. ठाण्यात शाळा, पुण्यात फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. १९२९ ला बी. एस्सी. झाले आणि पदवीचं शिक्षण तिथेच थांबलं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शिकवत राहिले.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला. त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होतं : आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो म्हणून हे घडतं, लिहिण्याची पद्धत बदलली की ६१७४ ची जादू गेली. मास्तर मात्र थांबले नाहीत. मोठी नियतकालिकं दाद देईनात, तेव्हा स्वतःच पुस्तिका छापल्या, त्यावर पत्ता देवळालीचा. डोंबिवली स्टेशनवरून डेम्लो संख्या आल्या, देवळालीच्या नावाच्याही संख्या आल्या.

आणि खेळात गणित नव्हतं असं थोडंच आहे? पहिली बाकी फक्त दोन फरकांवर ठरते : सर्वांत मोठा वजा सर्वांत लहान अंक, आणि मधल्या दोघांतला फरक. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, बेरीज करा. म्हणून जवळपास नऊ हजार संख्यांतून पहिल्याच फटक्यात उरतात फक्त ५४ बाक्या. त्या सगळ्या तपासणं तुम्हालाही एका दुपारी जमेल.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून मास्तरांनी शिकवण्या घेतल्या. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाला कापरेकर कळले. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. आज ६१७४ ला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

१९०५ हे त्यांचं जन्मवर्ष, तिथून सात पायऱ्या लागल्या. ते गेले १९८६ मध्ये. तीही संख्या करून बघा. पहिलीच बाकी येईल ८१७२. ती वर भेटली आहे, पुढचा रस्ता तुम्हाला माहीत आहे.